'द सिल्व्हर किंग'चे फिरत्या कंपनीचे पोस्टर: साल कसे काढायचे, अस्सल कसे ओळखायचे, जपायचे कसे

शिळाछाप (धागाकर्ता)

चर्चा एका पोस्टरवरून सुरू करतो आहे, पण मुद्दे व्हिक्टोरियन काळातल्या बहुतेक नाटकी पोस्टरांना लागू पडतील.

नाटक 'द सिल्व्हर किंग', एक मेलोड्रामा, म्हणजे भडक भावनांचे थरारक नाटक. लेखक हेन्री आर्थर जोन्स आणि हेन्री हर्मन. पहिला प्रयोग १६ नोव्हेंबर १८८२ रोजी लंडनच्या प्रिन्सेसेस थिएटरात, नायक विल्सन बॅरेट. पुढे कितीतरी वर्षे फिरत्या कंपन्यांनी हे नाटक इंग्लंडभर नेले. कथा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दारू आणि जुगारात बुडालेला विल्फ्रेड डेन्व्हर शुद्धीवर येतो तेव्हा समोर जेफ्री वेअरचे प्रेत असते. खून आपल्याच हातून झाला असे समजून तो पळतो. ज्या आगगाडीतून तो उडी टाकतो तिला पुढे अपघात होतो, त्यामुळे जग त्याला मेलेला समजते. नेव्हाडात चांदीच्या खाणीवर गबर होऊन, केस पांढरे झालेला डेन्व्हर परत येतो. खरा खुनी 'स्पायडर' नावाचा सभ्य दिसणारा दरोडेखोर.

पोस्टरचे तपशील:
- कागद अंदाजे २० बाय ३० इंच, उभा. मागे जुने कापड चिकटवलेले.
- चित्र पहिल्या अंकातले: डेन्व्हर, प्रेत, टेबलावरचा दिवा. रंग पाच असावेत.
- वर नाटकाचे नाव, तेही चित्राबरोबरच छापलेले.
- खाली साधारण ५ इंचांची पट्टी. तिच्यात लाल आणि काळ्या टाइपात थिएटर रॉयल, गावाचे नाव, 'फक्त सहा रात्री', 'सोमवार, १४ सप्टेंबर'. साल नाही.
- अगदी तळाला मुद्रकाची बारीक ओळ, अर्धी फाटलेली.
- आडव्या-उभ्या घड्यांच्या खुणा, एका घडीवर तपकिरी पडलेली चिकटपट्टी.

प्रश्न तीन. साल कोणते? छपाई त्या काळची की नंतरची? आणि आत्ता काय करावे, काय करू नये?

पंचांगी

सालापासून सुरू करू. वार आणि तारीख दोन्ही आहेत म्हणजे अर्धे काम झाले. १४ सप्टेंबरला सोमवार आलेली, नाटक रंगभूमीवर आल्यानंतरची, १९०५ पर्यंतची वर्षे: १८८५, १८९१, १८९६ आणि १९०३. शेवटचे अंतर सात वर्षांचे आहे, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हते. कॅलेंडर हाताने मोजणारे हमखास इथेच चुकतात.

चारातून एक निवडायला पट्टीच वाचायची. थिएटरच्या नावाखाली 'लेसी अँड मॅनेजर' (थिएटर भाडेपट्ट्याने घेऊन चालवणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का? ही माणसे दर काही वर्षांनी बदलत, आणि गावाच्या स्थानिक वृत्तपत्रांत त्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी मिळतात. कंपनीच्या मालकाचे नाव असेल तर 'द इरा' आणि 'द स्टेज' ही दोन साप्ताहिके पाहा. 'द स्टेज' १८८० मध्ये सुरू झाले, 'द इरा' त्याच्या कितीतरी आधीपासून होते. कोणती कंपनी कोणत्या आठवड्यात कुठे, याच्या याद्या त्यांत छापून येत. जुनी ब्रिटिश वृत्तपत्रे आता डिजिटल स्वरूपात शोधता येतात. नाटकाचे नाव, गावाचे नाव आणि चारही वर्षांतला सप्टेंबर, एवढेच टाका. आधीच्या शनिवारचा अंकसुद्धा बघा, कारण 'सोमवारपासून येत आहे' अशी जाहिरात तिथे असते.

टाइपच्या वळणावरून मात्र साल काढू नका. गावोगावचे छापखाने लाकडी टाइप चाळीस-चाळीस वर्षे वापरत. १८४५ चे क्लॅरेंडन वळण १८९० च्या पत्रकावर सर्रास दिसते.

आणखी एक धागा आगीचा. ५ सप्टेंबर १८८७ रोजी एक्सेटरच्या थिएटर रॉयलला प्रयोग चालू असतानाच आग लागली आणि १८६ माणसे गेली. नाटक होते जॉर्ज सिम्स यांचे 'रोमनी राय', तोही मेलोड्रामाच. त्यानंतर थिएटरांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. पट्टीत बाहेर पडायच्या दारांचा किंवा अग्निरोधक पडद्याचा ठळक उल्लेख असेल तर १८८५ मागे पडते. उल्लेख नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

शिळाछाप

लेसीचे नाव आहे, पण घडीवर आल्याने दोन अक्षरे गेली आहेत. सुरक्षिततेचा उल्लेख नाही. मुद्रकाच्या ओळीतून काही मिळेल का?

पंचांगी

मिळू शकेल. छापील कागदावर मुद्रकाचे नाव-पत्ता असणे ब्रिटनमध्ये १७९९ पासून कायद्याने बंधनकारक होते. १८६९ च्या सुधारणेनंतरही पत्रकांसाठी ते कायम राहिले. म्हणून ती ओळ जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर असते. अशा पोस्टरवर ती दोन ठिकाणी असू शकते: चित्राच्या कडेला चित्र छापणाऱ्याची आणि पट्टीच्या तळाला गावातल्या छापखान्याची. दोन्ही वेगवेगळ्या नोंदवा. नावापुढे 'अँड सन्स' आहे की 'लिमिटेड', पत्ता एकच आहे की शाखांचीही नावे आहेत, यावरून पाच-दहा वर्षांचा टप्पा ठरतो. बेलफास्टचे डेव्हिड अॅलन अँड सन्स आणि नॉटिंगहॅमजवळच्या नेदरफील्डचे स्टॅफर्ड अँड कंपनी ही त्या धंद्यातली मोठी नावे.

भिंगवाला

दुसरा प्रश्न माझा. दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने तिरपा पाडलेला उजेड, एवढे पुरते.

चित्राच्या भागात शिळाछपाई (दगडावर चित्र काढून केलेली छपाई, लिथोग्राफी) असेल तर सावलीचे भाग खडूच्या कणांसारखे दिसतील: ओबडधोबड, कुठे दाट, कुठे विरळ, कारण शिळेचा पृष्ठभाग मुद्दाम वाळू घासून दाणेदार केलेला असे. किंवा कारागिराने पेनाने एकेक दिलेले ठिपके दिसतील, त्यांचे आकार एकसारखे नसतात. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. मूळ रेखाटन उलटे काढून त्याचा ठसा बाकीच्या शिळांवर उमटवत आणि मग प्रत्येक रंगाचा भाग भरत. त्यामुळे चेहऱ्याच्या कडेला अर्धा मिलिमीटर गुलाबी बाहेर आलेला, बाहीच्या कडेला पांढरी फट राहिलेली, असे हमखास आढळते. कागदाच्या कडेला बारीक अधिक-चिन्हे दिसली तर ती रंग जुळवण्याच्या खुणा.

आजच्या ऑफसेट नकलेत चार रंगांचे ठिपके फुलासारख्या गोल रचनेत बसलेले दिसतात, आणि मुख्य म्हणजे पट्टीतली अक्षरेसुद्धा त्याच ठिपक्यांची बनलेली असतात. इंकजेटमध्ये रंगाचे अतिबारीक शिंतोडे दिसतात.

खरी परीक्षा पट्टीचीच. ती शिळेवरची नसते, टाइप दाबून छापलेली असते. तिरप्या उजेडात अक्षर कागदात किंचित रुतलेले दिसते. भिंगातून अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई बाहेर सरकते. दोन-तीन इंची अक्षरे लाकडी टाइपची असतील तर भरीव काळ्या भागात लाकडाचे रेषे पांढऱ्या बारीक रेघांनी उमटतात, कोपरे घासलेले असतात, एखाद्या अक्षराला टवका असतो. टवक्याचा फोटो काढून ठेवा. त्याच छापखान्याच्या दुसऱ्या पत्रकावर तोच टवका सापडला तर मुद्रकाची ओळ फाटलेली असूनही मुद्रक सापडतो.

शिळाछाप

पाहिले. चेहरे आणि कपडे खडूच्या कणांचे आहेत. पट्टीतली अक्षरे रुतलेली आहेत, मोठ्या 'आर'च्या पायाला टवका आहे. पण दिव्यामागच्या भिंतीवर निळ्या रंगाचे अगदी एकसारखे, ओळीने ठिपके आहेत. हे खटकते.

भिंगवाला

घाबरू नका. १८७९ पासून बेन डे पद्धत होती. उठावाचे ठिपके असलेली पारदर्शक पातळ फिल्म शाई लावून शिळेवर दाबायची, की सपाट भागात तयार ठिपके उमटत. कारागिराचा वेळ वाचे, म्हणून आकाश, भिंत, जमीन अशा जागी ती वापरत. फरक असा की ठिपके एकाच रंगाचे, सगळे एकाच आकाराचे, आणि चित्राच्या रेषेपाशी येऊन अचानक थांबतात. फोटोवरून केलेल्या छपाईत ठिपक्यांचा आकार उजेड-सावलीप्रमाणे लहानमोठा होत जातो. तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतो आहे. खडू, बेन डे आणि रुतलेला टाइप हे तिन्ही एका कागदावर असतील तर नक्कल असण्याची शक्यता जवळजवळ संपते.

गिरगावकर

चित्र आणि पट्टी वेगवेगळ्या ठिकाणी का छापली, याबद्दल लिहितो, कारण पोस्टरचे मोल त्यातच आहे.

रेल्वेचे जाळे पसरल्यावर लंडनमध्ये गाजलेले नाटक पूर्ण संचासह गावोगाव नेणे परवडू लागले. सोमवार ते शनिवार एका गावी, रविवारी गाडीने पुढच्या गावी. कंपनीचा पुढे जाणारा माणूस आठवडाभर आधी गावात पोहोचे, जागा ठरवे, भिंती ठरवे, दुकानांच्या काचांत पत्रके लावून घेई. दर आठवड्याला नवे रंगीत चित्र छापणे शक्यच नव्हते. ३० बाय ४० इंचांची, ४ इंच जाडीची एक शिळा भरते साधारण २०० किलो, आणि पाच रंगांना पाच शिळा. म्हणून मोठा छापखाना चित्रे एकदम गठ्ठ्याने छापून ठेवी, खाली पट्टी कोरी सोडून. कंपनी गठ्ठा विकत घेई आणि पट्टी गावातल्या छापखान्यात भरून घेई.

म्हणजे चित्रावरून कळते ते इतकेच की असे पोस्टर अस्तित्वात होते. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, कोणाच्या व्यवस्थापनाखाली, तिकीट काय, हे सगळे पट्टीत. गॅलरीचे (सगळ्यात वरच्या जागा) सहा पेन्स, पिटचा (तळमजल्यावरच्या जागा) एक शिलिंग, 'अर्ली डोअर्स'ला जास्तीचे पैसे म्हणजे गर्दीआधी आत शिरायची सोय. नऊ वाजता अर्ध्या दराचा उल्लेख असेल तर उशिरा येणाऱ्या कामकरी प्रेक्षकांची सोय. नाटकाच्या संहितेत यातले काही सापडत नाही. तरी अशी कितीतरी पोस्टरे पट्टी कापून, नुसते चित्र चौकटीत घालून विकली जातात. मला हे पुस्तकाचे शीर्षकपान फाडण्याइतके वाईट वाटते.

आकाराबद्दल: २० बाय ३० म्हणजे डबल क्राउन, ब्रिटिश पोस्टरांचे मूळ माप. मोठी पोस्टरे त्याच्याच पटीत मोजत: चार ताव म्हणजे ४० बाय ६० इंच, सोळा ताव म्हणजे ८० बाय १२०. अमेरिकन तावाचे माप वेगळे आहे, त्यामुळे माप घेतले की देश कळायला मदत होते. माप घेताना कापड सोडून फक्त कागद मोजा. चारही कडा १९ बाय २८ अशा भरल्या तर कोणीतरी कापलेले आहे.

आपल्याकडचा दुवाही आहे. हेच नाटक आगा हश्र काश्मीरींनी उर्दूत उतरवले आणि पारशी कंपन्यांच्या रंगभूमीवर ते चालले. छपाईचे तंत्र तर आपल्या घरांतच होते: पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रविवर्मांचा छापखाना १८९४ ला गिरगावात सुरू होऊन पुढे मळवलीला गेला. ज्यांच्याकडे देवादिकांची ती जुनी चित्रे आहेत त्यांनी भिंगवाल्यांचे सांगणे त्यांच्यावरही करून पाहावे. भिंगाखाली तेच खडूचे कण आणि ठिपके दिसतील.

कागदकाम

तिसऱ्या प्रश्नाचे सविस्तर. आधी काय करायचे नाही: चिकटपट्टी ओढायची नाही, लॅमिनेशन करायचे नाही, मागचे कापड सोलायचे नाही, इस्त्री फिरवायची नाही.

ही पोस्टरे टिकण्यासाठी नव्हतीच. १८६० नंतर ब्रिटनमध्ये चिंध्यांच्या लगद्याबरोबर एस्पार्टो गवत आणि पुढे लाकडाचा लगदा वापरात आला. लाकडाच्या लगद्यात आम्ल तयार होत राहते, कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. भिंतीवर लागलेली पोस्टरे पावसात आणि पुढच्या आठवड्याच्या थराखाली गेली. जी उरली ती बहुतेक न लावलेली, घडी घालून ठेवलेली. म्हणून घड्या हा दोष समजू नका.

घरी करता येईल ते:

१. मोठ्या स्वच्छ टेबलावर पांढरा कागद पसरून पोस्टर सपाट ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा.

२. दोन्ही बाजूंचे फोटो. एक सरळ उजेडात, एक तिरप्या. फाटलेल्या प्रत्येक जागेशेजारी मोजपट्टी ठेवून जवळून.

३. मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडा. मग काजळी टिपणारा कोरडा रबरी स्पंज हलक्या हाताने, एकाच दिशेने. फाटलेल्या कडेला आणि पट्टीतल्या लाल अक्षरांवर स्पंज नको.

४. रंग पाण्यात सुटतो का ते पाहणे. प्रत्येक रंगावर, नजरेत न येणाऱ्या जागी, डिस्टिल्ड पाण्याचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. तीस सेकंदांनी टिपकागद दाबा. डाग आला तर तो रंग सुटतो. शिळेवरच्या शाया तेलातल्या असतात, बहुधा टिकतात. गावातल्या छापखान्याच्या लाल-जांभळ्या शायांत मात्र ॲनिलिनचे कृत्रिम रंग असू शकतात, आणि तेच पसरतात. एका रंगाने जरी डाग दिला तरी पोस्टर पाण्यात घालायचे नाही. चाचणीची नोंद ठेवा, संवर्धकाला ती पहिल्यांदा लागते.

५. सपाट साठवण. आम्लरहित पुठ्ठ्याची घडी, आत आम्लरहित पातळ कागद. पॉलिएस्टर फिल्मच्या पाकिटात ठेवणार असाल तर मागे अल्कधर्मी कागद घाला आणि कडा सगळ्या बाजूंनी बंद करू नका. आम्ल न काढलेला कागद घट्ट बंद केला की स्वतःच्याच आम्लात लवकर पिकतो.

चिकटपट्टी, कापड आणि आम्ल काढणे ही तीन कामे संवर्धकाची. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे, शिवाय इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत.

चौकटवाला

बाकी सहमत, पण कापडाबद्दल वेगळे मत. संग्राहकांच्या बाजारात कापडावर चढवलेले पोस्टर हीच रीत आहे. घड्या बसतात, टांगायला सोपे जाते. खाली कापड चालू द्यावे, वर चांगला माउंट (चौकटीत बसणारी पुठ्ठ्याची खिडकी) करावा. पट्टी दिसायला विस्कळीत वाटत असेल तर माउंटखाली झाकली की झाले, कापायची गरज नाही.

कागदकाम

चांगल्या पद्धतीने कापडावर चढवणे म्हणजे मध्ये जपानी कागदाचा थर, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि पुन्हा सोडवता येईल असे काम. तसे असेल तर माझी हरकत नाही. हे मात्र जुने कापड आहे. कशाने चिकटवले माहीत नाही, मैद्याची खळ किंवा सरस असण्याची शक्यता जास्त. कापड आणि कागद दमट हवेत वेगवेगळे ताणतात. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आखडतो, कापड त्याच्या मागे जात नाही, आणि घडीच्या रेघेवर तडा जातो. तुम्ही टाकलेल्या फोटोत तडे नेमके घड्यांवर आहेत.

खळीचे प्रमाण बरेचजण विचारतात म्हणून लिहितो. गव्हाचा शुद्ध स्टार्च एक भाग, डिस्टिल्ड पाणी चार ते पाच भाग. तासभर भिजवून मंद आचेवर सतत ढवळत वीस-तीस मिनिटे शिजवायचा, पारदर्शक झाला की थंड करून बारीक चाळणीतून दोनदा काढायचा. लावताना पातळ सायीइतका सैल करायचा. मैदा चालत नाही, त्यातल्या ग्लुटेनमुळे थर कडक होतो आणि कसर, झुरळे येतात. लाकूडकामाचा पांढरा गोंद तर अजिबात नाही, तो पुन्हा सोडवता येत नाही.

माउंटखाली पट्टी झाकण्याला माझा विरोध आहे. झाकलेला भाग आणि उघडा भाग वेगवेगळ्या वेगाने फिके पडतात, काही वर्षांत कायमची रेघ उमटते. त्या पोस्टरचा पत्ता, तारीख आणि मालक ज्या जागी आहेत तीच लपवायची कशासाठी? माउंटची खिडकी कागदापेक्षा सगळीकडून पाव इंच मोठी काढा, कडा दिसू द्या. कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये निदान ४-५ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर दमटपणात शाई काचेला चिकटते.

चौकटवाला

पट्टीबद्दल पटले. तरंगता माउंट करून पट्टी पूर्ण दिसू द्यावी.

सागरकिनारा

कोकण आणि गोव्यातल्या हवेबद्दल. परदेशी पुस्तकांतला ५० टक्के आर्द्रतेचा सल्ला इथे पावसाळ्यात यंत्राशिवाय पाळता येत नाही. ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस गेले की बुरशीचा धोका, आणि आपल्याकडे चार महिने तेच असते. व्यवहारात हे करता येते:

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती ओल खेचते. आतल्या भिंतीवर, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, म्हणजे मागून हवा खेळते. दिवसा एसी आणि रात्री बंद हे सतत दमट असण्याहून वाईट, कारण कागद रोज ताणतो-आखडतो. त्यापेक्षा कपाटात आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा. जेलचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या नकोत. बुरशी दिसली तर घासू नका. वेगळ्या खोलीत कोरडे होऊ द्या, पूर्ण वाळल्यावर मास्क लावून ब्रशने.

उजेड ५० लक्स पुरे. उन्हाची तिरीप पडणारी भिंत बाद. गुलाबी आणि पिवळा आधी जातात, निळा-काळा उरतो. म्हणून जुने पोस्टर एकूण निळसर दिसले की ते बराच काळ उजेडात होते असे समजावे.

दूरदेशी

बाहेरून मागवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू सीमाशुल्काच्या ९७०६ या शीर्षकात बसते, पण तसा दावा करायला कागद लागतात. विक्रेत्याच्या बिलावर नाटक, मुद्रक, माप आणि छपाईचा काळ स्पष्ट लिहून घ्या. 'जुना कागद' एवढेच लिहिलेले बिल अडकते. दुसरे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. इथे आणलेले पोस्टर पुढे परदेशात दुरुस्तीला किंवा लिलावाला पाठवायचा विचार असेल तर आणण्याआधीच पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

ठिसूळ कागद नळीत गुंडाळून मागवू नका. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट, आणि पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी एकमेकींना काटकोनात, म्हणजे पार्सल वाकत नाही.

शिळाछाप

'द इरा'च्या याद्या चाळल्या. १८९१ आणि १८९६ दोन्हींच्या सप्टेंबरात हे नाटक फिरतीवर आहे, पण आमच्या गावाचे नाव फक्त १८९१ च्या यादीत आहे. लेसीच्या नावाची उरलेली अक्षरेही त्या वर्षीच्या स्थानिक जाहिरातीतल्या नावाशी जुळतात.

पाण्याची चाचणी: काळा, निळा, पिवळा टिकले, पट्टीतल्या लालने फिका गुलाबी डाग दिला. त्यामुळे पोस्टर कापडासकट सपाट ठेवून संवर्धकाकडे जाईल.

कागदकाम

लाल सुटतो आहे हे पाकिटावरच पेन्सिलने लिहून ठेवा. आणि कापड सुटेल तेव्हा त्याची आतली बाजू बघायला सांगा. जुन्या अस्तराला कधी कधी दुसऱ्याच पत्रकाचे तुकडे चिकटलेले असतात, ते फेकले जाऊ नयेत.